सुलभाचं पडलेलं बीपी आणि कॅनडाची क्रॅनबेरी

"क्रॅनबेरीमुळे नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा सेप्सिस आहे. लघवीच्या मार्गातला संसर्ग रक्तात पसरलाय, बीपी त्याने पडलंय. यांना आयसीयूत घ्यावं लागेल, आत्ताच."

मी हातात क्रॅनबेरीच्या गोळ्यांची बाटली धरून उभा होतो. सावंतवाडीला येईपर्यंत सगळ्या वाटेवर मी ती घट्ट धरली होती, जणू सगळं दुखणं त्या बाटलीत भरलेलं होतं. डॉक्टरबाईंनी ती बघितली, परत दिली आणि आत गेल्या. दार बंद झालं. मी ते बंद दार बघत राहिलो.

हे लिहितोय ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून. ज्यांच्या घरात कुणाचं बीपी मुळात कमी आहे, त्यांनी तर जरूर वाचावं.

आम्ही शिरोड्याचे. मी जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केलं, आता निवृत्त आहे. माझ्या बायकोचं, सुलभाचं बीपी पहिल्यापासून कमी. वरचा आकडा शंभरच्या आतच. लग्न झालं तेव्हापासून ती चटकन उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. क्षणभर भिंतीला हात लावायचा आणि कामाला लागायचं, हे तिचं ठरलेलं. आम्हालाही त्याची सवय झाली होती. पुढे याच सवयीने घात केला.

दोनेक वर्षांपासून तिला अधूनमधून युरिन इन्फेक्शन व्हायचं, म्हणजे लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग. आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात तेच. जळजळ, सारखं जावंसं वाटणं, कधी ताप. हे बोलायची तिला भयंकर लाज. माझ्याशीसुद्धा नाही बोलायची. सुनेला मात्र फोनवर तिने सांगितलं असावं, कारण मुलाने, अमेयने, कॅनडाहून पार्सल पाठवलं. क्रॅनबेरीच्या गोळ्या आणि सुकवलेली क्रॅनबेरी. तिकडे बायका यासाठी घेतात म्हणे. सुलभाने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "करवंदासारकीच लागता, साखर घातलेली." मग रोज नेमाने घेऊ लागली.

एका सोमवारी ती अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसली. पडली नाही, बसली. मी धावलो.

"सुलभा, काय होता गो तुका?"

"काय नाय. बीपी लो जाला आसतला. जरा मीठ-साखरेचा पाणी द्या माका."

घरातल्या यंत्रावर मोजलं तर नेहमीपेक्षा कमी. पाणी दिलं, पाय उशीवर ठेवले. थोडं वर आलं. संध्याकाळी परत खाली. जेवण नको म्हणाली. मला बसवेना. मी मोबाईलवर शोधत बसलो आणि तिथे मिळालं: क्रॅनबेरीने रक्तदाब कमी होऊ शकतो. झालं! मला कारण सापडलं. जे दिसत नव्हतं ते दिसल्यासारखं वाटलं. मी गोळ्या बंद केल्या आणि अमेयला फोन लावला.

"तू धाडलेल्या गोळ्यांनी आवशीचा बीपी उतारला," मी म्हणालो. "आधी इचारूक नको काय?"

त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, डॉक्टराक दाखयलास काय?"

मी म्हटलं, गोळ्या बंद केल्या आहेत, उद्यापर्यंत येईल वर. सुलभाही तेच म्हणत होती. लिंबू-मिठाचं पाणी, कॉफी, पेज, जे सुचेल ते देत राहिलो. दर थोड्या वेळाने पट्टा बांधायचा आणि मोजायचं. शेवटी ती वैतागली. "तो पट्टो काढा आधी. माझो हात दुखता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली. दोन चादरी घातल्या तरी दात वाजत होते. हातपाय गार, श्वास भरभर. आदल्या संध्याकाळपासून ती लघवीला गेलेली नव्हती, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी पाणी घेऊन गेलो तर दाराकडे बघत तिने विचारलं, "अमेय शाळेतसून इलो काय?"

अमेय कॅनडात नोकरी करतो. त्याला मुलगी आहे.

तेव्हा मी अंगणात धावलो. शेजारच्या बाबलला हाक मारली. त्याने गाडी काढली. "भाऊ, तुमी मागे बसा, वैनीक धरून," एवढंच तो बोलला आणि सावंतवाडीच्या हॉस्पिटलच्या दारात आणून सोडेपर्यंत रस्त्यावरची नजर हलवली नाही.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात.

सेप्टिक शॉक हा शब्द मला तिथे कळला. शॉक म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे. जंतुसंसर्गाशी झगडताना शरीराचं तंत्र बिघडतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी इतकं खाली जातं की मूत्रपिंडाला, मेंदूला रक्त पुरत नाही. म्हणून ती असंबद्ध बोलत होती. म्हणून लघवी थांबली होती. सलाईनने बीपी उचललं नाही, तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनलिन लावलं. ते रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवणारं औषध, थेंबाथेंबाने देतात. जोडीला अँटिबायोटिक. कल्चरही केलं, म्हणजे लघवीतले आणि रक्तातले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते बघायची तपासणी. तिचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर अंदाजाने औषध आणि वाट बघणं.

वाट बघणं मला जमत नाही. मी बाकावर बसायचो, उठायचो, जिन्यापर्यंत जायचो, परत यायचो. कुणी आतून बाहेर आलं की चेहरा वाचायचो. बाबलने चहा आणून दिला, तो हातातच गार झाला. इंजिनरूममध्ये तेलाचा दाब उतरला की आम्ही आधी कारण शोधायचो, आणि ते मिळेपर्यंत इंजिनवर भरवसा ठेवायचो नाही. इथे घरच्या माणसाच्या बाबतीत मला पहिलं मिळालं ते कारण पुरलं होतं. हे डोक्यातून जाईना.

भेटायच्या वेळेला आत सोडायचे. मी तिच्याकडे कमी आणि मॉनिटरवरच्या आकड्याकडे जास्त बघायचो. एकदा डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, आकडा आम्ही बघतोय. तुम्ही त्यांच्याशी बोला." काय बोलणार? नारळ पाडायला माणूस येऊन गेला, असं काहीतरी बोललो. तिने डोळे उघडले नाहीत, पण बोट हललं.

अमेयचा फोन सारखा यायचा. एकदा तो रडतच होता. "बाबा, माझ्यामुळे जाला काय ह्या?"

"नाय रे," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतत, गोळ्यांचो काय संबंध नाय. मी उगीच तुका बोललंय." त्याने तिकीट काढलं. तो निघाला. गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरून थेट हॉस्पिटलात आला, तोवर कल्चरचा रिपोर्ट येऊन औषध बदललं होतं आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचे थेंब कमी होत चालले होते. सुलभाने त्याला ओळखलं. "किती बारीक झालंस रे," म्हणाली. तिला स्वतःला कूस बदलता येत नव्हती.

वॉर्डात आल्यावर तिनेच डॉक्टरबाईंना विचारलं, "मग ती फळं मी खायची की नाही?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट सांगितलं. ते जसं आठवतं तसं इथे देतो.

"क्रॅनबेरीने बीपी किंचित उतरू शकतं. काही लोकांत तसं दिसतं, काहींत फरकच पडत नाही. तुमचं बीपी मुळात कमी आहे, पण मूठभर फळांनी माणूस असा कोसळत नाही. चक्कर वाढली असं वाटलं तर थांबवा आणि येऊन दाखवा. उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन भरमसाट घेऊ नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी विचारून घ्यावं. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच. आणि एक लक्षात ठेवा. संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून क्रॅनबेरीचा थोडा उपयोग होत असेल, पण झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. तुम्हाला जळजळ केव्हापासून होती?"

सुलभा खिडकीकडे बघत म्हणाली, "आठ दिवस असेल."

आठ दिवस ती गोळ्या घेत होती आणि उतार पडेल म्हणून थांबली होती. मला पत्ता नव्हता. मी तिच्यावर चिडलो नाही. चिडायला अंगात काही उरलंच नव्हतं.

डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "नेहमी कमी बीपी असणाऱ्याचं हेच अवघड असतं. खरोखर पडलं तरी घरच्यांना ते नेहमीचंच वाटतं. ताप, हुडहुडी, गार हातपाय, भरभर श्वास, लघवी कमी, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही सोबत दिसलं तर लिंबूपाणी करत बसायचं नाही. गाडी काढायची."

घरी आल्यावर तिला भिंत धरून चालायला बरेच दिवस लागले. केस गळले, अन्नाला चव नव्हती. मूत्रपिंडाचे रिपोर्ट हळूहळू सुधारले. अमेय परत गेला. मी मात्र तसाच राहिलो. ती झोपली की तिचा श्वास बघायचा, कपाळाला हात लावायचा. अजूनही ते पूर्ण गेलेलं नाही.

ज्या डॉक्टरांनी, नर्सबाईंनी तिला परत आणलं, त्यांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. बाबलला तर आभार मानलेले चालतच नाहीत.

मागच्या महिन्यात एका सकाळी बाबल आणि त्याची बायको ओट्यावर चहा घेत बसले होते. सुलभा आतून आली, पदराला हात पुसले आणि सगळ्यांसमोर, आवाज जराही खाली न आणता म्हणाली, "माका कालपासून लघवीक जळजळता. आज डॉक्टराकडे जाऊक व्हया."

बाबलची बायको तिच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "वैनी, माका पण घेवन चला. माका पण होता तसा."

बाबलने कप खाली ठेवला आणि गाडीची चावी आणायला गेला.