चांगुणाबाईच्या गळ्यातली गाठ

चाकूरच्या विहारात चांगुणाबाईचा आवाज लागला की शेवटच्या घरापर्यंत कळायचं, वंदना सुरू झाली. बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, पण आवाज कधी मवाळ पडू दिला नाही. वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन करावं तर तिनंच. अशी बाई या पावसाळ्यात एकाएकी गप्प झाली, आणि का ते सांगेना.

कारण गळ्यात होतं. उन्हाळ्यात दात काढले, भाकर सुटली, पातळ वरणावर दिवस काढता काढता मान पार वाळून गेली. एकदा तोंड धुताना गळ्याच्या मधोमध बोटांना टणक काहीतरी लागलं. थुंकी गिळली तर ते वर सरकून खाली आलं. नवरा नरसिंग गळ्याच्या गाठीनंच गेला होता. शेवटी शेवटी त्याला पाण्याचा घोट उतरत नव्हता. बाप्यामाणसाला कंठमणी असतो, बाईला कुठला आलाय? म्हणजे ही तीच! बोललं की हलते, हलली की वाढते, असं तिनं मनानंच ठरवलं आणि बोलणं टाकलं. सुनेशी खुणा, विहारात नुसते हात जोडायचे. घडीघडी बोटं गळ्यावर. दाबून दाबून कातडी लाल झाली. भीतीनं बाई अर्धी झाली.

सून धम्मप्रिया खमकी. "आत्या, मुकं राहून मरायचं हाय का? चला लातूरला," म्हणत तिनं सासूला एसटीत बसवलंच.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आतून बघितलं, बाहेरून चाचपलं आणि हसल्या. "मावशी, ही गाठ नाही. ही तुमची स्वतःची कूर्चा आहे, म्हणजे मऊ हाड, स्वरयंत्राच्या पुढची ढाल. तिच्यामागं आवाजाच्या दोन पट्ट्या. खाली अंगठीसारखं कडं. वर झाकण, घास श्वासनळीत जाऊ नये म्हणून. बायकांनाही हे सगळं असतं, फक्त पुढं येत नाही. तुमची मान वाळली म्हणून हाताला लागलं. वय झालं की ते हाडासारखं टणकही होतं."

"अगं माय!" किती दिवसांनी चांगुणाबाईच्या तोंडून शब्द फुटला, तोही चिरका. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मग मलाबी असंल की!" धम्मप्रियानं हसत मान वर केली. "बघा बरं मॅडम, म्हंजी आत्याला पटंल."

डॉक्टरीणबाईंनी हसतच बोटं ठेवली. "ही बघा ढाल. हे खाली कडं." बोटं आणखी खाली गेली, डावीकडं सरकली आणि थांबली. "गिळा." धम्मप्रियानं गिळलं. "परत गिळा."

आता डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. "हे कधीपासून आहे?"

"काय?" धम्मप्रिया म्हणाली.

"इथं गाठ लागतेय. लगेच घाबरू नका. आधी सोनोग्राफी करू, मग सुईनं तपासू."

चांगुणाबाई खुर्चीतून उठली. डॉक्टरीणबाईंचा हात तिनं सुनेच्या गळ्यावरून ओढून काढला आणि आपल्या गळ्यावर घट्ट दाबून धरला.

"मॅडम, तुमचं चुकायलंय," ती ओरडली. तिचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला. "नीट बघा की! गाठ हितं हाय. माझ्यातच हाय."