टेबलाखालचं बटण

पाहुणे वर्कशॉपमध्ये शिरले तेव्हा माझा उजवा पाय टेबलाखालच्या बटणावर होता. मी आणि आमचा मेकॅनिक सोडून ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. समोर बसलेल्या शांताबाईंनाही नाही.

शांताबाई मोहोळच्या. घरी ब्लाउज शिवायच्या. कडबा कापायच्या मशीनमध्ये त्यांचा डावा हात कोपराखाली गेला होता. सोलापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात आम्ही त्यांच्यासाठी विजेचा हात करत होतो. सत्तरच्या दशकात हे नवल होतं. स्नायू आवळला की कातडीवर अगदी बारीक करंट उमटतो. तो पकडायचा, वाढवायचा आणि त्यावर बोटांची मोटर चालवायची, एवढीच कल्पना. पण आमचं सर्किट त्यांच्या स्नायूपेक्षा छताच्या पंख्याच्या विजेचंच जास्त ऐकायचं. पंखा बंद केला की घाम यायचा, आणि घाम आला की सगळंच बंद.

आदल्या दिवशी मी वर्कशॉपच्या प्रमुख साहेबांना म्हणालो होतो, "सर, हात अजून तयार नाही."

"उद्या ट्रस्टी येतायत. काहीतरी हललं पाहिजे."

बटण बसवा, असं ते म्हणाले नव्हते. ती अक्कल माझी.

"बाई, आवळा हात," मी म्हणालो. त्यांनी आवळला, मी बटण दाबलं. बोटं मिटली, कापडाचा तुकडा धरला गेला. टाळ्या पडल्या.

"हललीत की! माजीच हायत की वो!" शांताबाई रडत होत्या. मी ट्रस्टींबरोबर चहाला गेलो.

पुढे तीन आठवडे त्या एसटीनं येत राहिल्या. बटण मी काढून टाकलं होतं. आता बोटं हलायची नाहीत, नाहीतर भलत्याच वेळी उघडायची.

"त्या दिशी हललीत. आता माजं काय चुकतंय, सायब?"

"सराव कमी पडतोय," मी म्हणालो.

चौथ्या आठवड्यात त्यांनी पदर बाजूला केला. उरलेला हात सुजला होता, कातडी सोलवटली होती. सरावासाठी घरी दिवसभर दाराच्या कडीला पट्टा बांधून त्या हात ओढत बसायच्या. त्यापायी शिवायला आलेली कापडं परत केली होती.

मी खाली वाकून टेबलाखाली राहिलेली वायर दाखवली. सगळं सांगितलं.

त्यांनी वाकून ती वायर पाहिली. मग म्हणाल्या, "मंग मी एवढे दिस काय वडत व्हते?"

मी वायर उपटून टेबलावर ठेवली.

"आता खरं काय देता येतंय, तेवढंच सांगा."

मी पट्ट्याचा साधा हात केला. उजवा खांदा पुढे केला की केबल ताणली जाते आणि चिमटा उघडतो. कापड दाबून धरायला चिमट्याला सपाट पट्टी लावली. दिसायला ओबडधोबड, पण चालायचा.

साहेब म्हणाले, "झालं ते झालं, उकरू नका." तरी मी ट्रस्टींना लेखी कळवलं. विजेच्या हाताचं काम बंद पडलं.

शांताबाई पुन्हा शिवू लागल्या. पट्टा बदलायला अधूनमधून यायच्या, पण माप मेकॅनिकलाच घेऊ द्यायच्या. मी समोर आलो तर दुसरीकडे बघायच्या.

पुढे माझ्या हाताखाली तरुण इंजिनियर आले. त्यांना मी एवढंच सांगायचो, कृत्रिम हात अंगावर चढवण्याआधी त्यात काय काय आहे ते पेशंटला उघडून दाखवा. दाखवायची लाज वाटत असेल, तर त्या दिवशी वर्कशॉपला कुलूप घाला.