घारीचं झाड

काल गच्चीत पापडांची राखण करत बसलो होतो. वर एक घार पंख न हलवता तरंगत होती. मला माझ्या वर्गातली सुमन आठवली. "गुरुजी, पृथ्वी फिरते, तर घारीला तिचं झाड परत कसं सापडतं?" असं तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, "जा, तिलाच विचारून ये." सगळा वर्ग हसला. सुमननं पुन्हा कधी हात वर केला नाही.

निवृत्तीनंतर वाचनात आलं की आपल्याकडच्या जुन्या खगोलशास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न विचारला होता. हवा, झाड आणि घार, सगळीच पृथ्वीबरोबर फिरतात, हे नीट उलगडायला शतकं लागली. तोवर कितीतरी माणसांनी तो प्रश्न जपला. मी मात्र तो हसण्यावारी नेला, कारण उत्तर मलाही येत नव्हतं.

आज सुमनच्या घरी गेलो. तिला आता नातवंडं आहेत. तेव्हा उत्तर मलाही येत नव्हतं, हे सांगून तिची माफी मागितली.

"काहीतरीच काय गुरुजी! चहा घ्या," म्हणत तिनं कप पुढे केला. मग समोर येऊन बसली.

"पण मग सापडतं कसं?"