मास्तरांनी केलेल्या खुणा

सायगाव मास्तरांची हनुवटी त्यांच्या आवाजाच्या पुढे चालायची. आवाज चढायचा असेल तर ती आधीच वर जाई, उतरायचा असेल तर छातीकडे झुके. व्हिएतनामी शिकवताना ते ठीक होतं, त्या भाषेत आवाजाच्या चढउतारानेच शब्दाचा अर्थ बदलतो. पण कलकत्त्यात बालीगंजच्या बाजारात वांग्यांचा भाव विचारतानाही ती हलायची आणि भाजीवाला हसू दाबत त्यांच्याकडे पाहत राहायचा.

मूळचे ते साताऱ्याकडचे. व्हिएतनाममध्ये सायगावात एका कापडाच्या पेढीवर वीस वर्षं कारकून होते. तिथलीच बायको केली, मुलगी झाली. महायुद्धानंतर आजारी आईला भेटायला म्हणून एकटेच कलकत्त्याला भावाकडे आले. आई गेली, तिकडे लढाई पेटली आणि परत जाण्याचा परवाना काही मिळेना. बायको वारल्याचं त्यांना मुलीच्या पत्रातून कळलं.

फ्रेंच तिथून निघाले तेव्हा आपल्या सरकारची माणसं युद्धबंदीच्या देखरेखीसाठी जाणार होती. आमच्या कचेरीतून भाषा येणारा एकजण हवा होता. मी चोविशीतला कारकून. ती जागा मला हवी होती. म्हणून मी मास्तरांकडे जाऊ लागलो.

"शिकवतो," ते म्हणाले, "पण साहेबांच्या कानावर माझंही नाव घाल. दुभाष्या म्हणून नको तर हमाल म्हणून नेऊ देत."

"घालतो की, मास्तर," मी म्हणालो.

व्हिएतनामी लिहितात रोमन अक्षरांतच, पण त्यांवर खुणा करून. आधी त्यांनी मला या खुणांची दोन घराणी ओळखायला लावली. "ही टोपी, ही वाटी, ही शिंगासारखी आकडी, या अक्षराच्या अंगच्या. त्यांनी अक्षरच बदलतं. त्यांच्यावर बसते ती दुसरी खूण आवाजाची. टोपीवर तुरा असतो तशी. तुरा पाहून टोपी विसरू नकोस." शब्द काळ्या शाईने, खुणा लाल शाईने. खुणा राहिल्या तर वही बाजूला सारत. "दारात पाहुणा उभा करून आत निघून गेलास की रे! आणि तिकडे मीठ मागायला जाशील तर लोक तुला डास देतील."

दोन खुणांपाशी मात्र ते थांबत. "या दोन खुणा सायगावात एकसारख्याच वाजतात. माझ्या तोंडीही तेच पाणी. पण लिहिताना वेगळ्याच लिही. मला येत नाही म्हणून तू चुकायचं नाहीस."

साहेबांनी जाणाऱ्या मंडळींसाठी एक पाठपुस्तिका मागितली. पाठ मास्तरांनी सांगितले, मी त्यांच्या बारा प्रती टाइप केल्या. यंत्रावर एकही खूण नव्हती. मास्तरांनी चार रविवार खिडकीशी बसून बाराही प्रतींवर एकेक खूण हाताने केली. शेवटी डोळे चोळत म्हणाले, "आता तरी नेतील ना रे?"

साहेबांनी पानं उलटली. "हे सगळं तुम्ही केलंत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी "हो" म्हणालो.

मास्तरांचं नाव मी काढलंच नाही. जागा एकच होती. "साहेबांनी तुमचं वय पाहिलं," असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मुलीसाठी पत्र माझ्या हाती दिलं.

सायगावात ती भेटली. अठरा-एकोणीस वर्षांची. पत्र उभ्यानेच वाचून तिने विचारलं, "ते स्वतः का नाही आले?"

खरं सांगण्याइतकी भाषा मला येत होती, मास्तरांनीच शिकवली होती. मी म्हणालो, "त्यांची तब्येत बरी नसते."

ती लगबगीने आत गेली आणि काढ्याची एक बाटली आणि चिठ्ठी घेऊन आली.

वर्षभराने परतल्यावर ती बाटली मी मास्तरांपुढे ठेवली. "हे कशाला? मला काय झालंय?" त्यांनी हसत विचारलं. मग चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली.

"चहा घेऊन जा," एवढंच ते म्हणाले.

पुढे तीन वर्षांनी मास्तर गेले. सायगाव त्यांना पुन्हा दिसलं नाही. ती पुस्तिका त्यांची होती, ती जागाही त्यांची होती. हे मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नाही, आज लिहितो आहे.

त्यांच्या पुतण्याने नंतर मला सांगितलं, काका ठणठणीत होते, तरी ती बाटली संपेपर्यंत रोज सकाळी चमचाभर काढा घेत.