आवकबाईंचं उजवं वळण

आवकबाई आठवडाभर कपाळाला आठी घालून बसायच्या आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता न चुकता गुणगुणायला लागायच्या. बाभुळगावच्या आमच्या कचेरीत आवक-जावकाचं टेबल त्यांचं, म्हणून त्या आवकबाई. खरं नाव फक्त पगारपत्रकात. शेजारचं टेबल माझं. गुणगुणणं थांबलं की विचारायच्या, "बाबू, उद्याचं प्रकरण काय?"

पाच दिवसांचा आठवडा झाला तसे शनिवार-रविवार माझ्या अंगावरच आले. लोळायचं, मोबाइल चाळायचा आणि सोमवारी शुक्रवारपेक्षा जास्त दमून कामावर यायचं. बाईंनीही सुरुवातीला गोधड्या धुण्यापासून लोणच्यापर्यंत चौदा कामांची यादी केली होती. एकही धड झालं नाही. तेव्हापासून चतकोर कागदावर त्या एकच ओळ लिहीत. "एका सुटीले एकच प्रकरण. ते निकाली काढाचं, मंग खुशाल झोपाचं."

एका शुक्रवारी त्या कागदावर 'स्कूटी' एवढंच होतं. बाई तेव्हा चौपन्नच्या. आई गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं, ती आक्का वीसेक किलोमीटरवरच्या खेड्यात एकटी राहायची. तिकडची एसटी शाळेच्या पोरांपुरती, सुटीच्या दिवशी बंद. यजमान 'पुढच्या रविवारी नेतो' म्हणत वर्षानुवर्षं पुढचाच रविवार दाखवत होते. "आक्काले डोयानं कमी दिसून राह्यलं," बाई म्हणाल्या. "तिले माह्यं तोंड दिसते तोवर गेलं पाहिजे."

बाजाराच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. लेकीची स्कूटी, वर पदर खोचलेल्या बाई आणि मागे धावणारा मी. एका सुटीला तोल, एका सुटीला ब्रेक. आठचा आकडा काढून बाईंनी परवानाही मिळवला. रस्त्यावर मात्र उजवीकडे वळायची छाती होईना. उजवं वळण आलं की उतरायच्या, गाडी हातानं फिरवायच्या आणि पुन्हा बसायच्या. यजमान म्हणाले, "या वयात कायले हे?" बाईंनी मागे न बघता सांगितलं, "तुमचं प्रकरण प्रलंबित हाय, म्हनून."

निघायचा रविवार ठरला. आक्काला निरोप फोनवर देता आला असता, पण तोंडी गोष्टीवर बाईंचा भरवसा नव्हता. "फोनची नोंद राहत नाही, बाबू." त्यांनी पदरचा खाकी लिफाफा आणला आणि सख्ख्या बहिणीला लिहिलं, 'आपणास कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार रविवारी सकाळी आपल्या घरी हजर राहील.' मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत.

रविवारी त्या पुढे आणि माझी मोटारसायकल मागे. गाव जवळ आलं तेव्हा रस्त्याच्या पलीकडे, उजव्या हाताला, बाभुळगावकडे जाणारी एखादी जीप मिळते का ते बघत एक म्हातारी कडुलिंबाखाली उभी दिसली. छातीशी खाकी लिफाफा. आक्काला वाचता येत नव्हतं, वाचून देणारी शेजारची सून माहेरी गेलेली. खाकी लिफाफा म्हणजे सरकार, म्हणजे निराधार योजनेचा पगार बंद, या धास्तीनं ती कचेरीतल्या बहिणीला विचारायला निघाली होती.

बाईंनी तिला पाहिलं, हात दाखवला आणि उतरल्याच नाहीत. स्कूटी उजवीकडे वळवून थेट कडुलिंबाखाली उभी केली.

"कोन व?" आक्कानं डोळे बारीक केले. मग आवाज ओळखून लिफाफा पुढे केला. "बरी आली. सरकारचा कागद आला पाह्य. माहा पगार बंद केला काय?"

बाईंनी कागद उघडला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "निम्नस्वाक्षरीकार मीच हाय, आक्का." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या आणि मी कडुलिंबाआड तोंड फिरवून रडत होतो. आक्का मागे बसली. गाडी गावात शिरली तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली.

बाई निवृत्त झाल्या. शुक्रवारी चार वाजता आता माझाच हात चतकोर कागदाकडे जातो; शनिवार अंगावर येत नाही. गेल्या आठवड्यात घरी खाकी लिफाफा आला. 'आपणास कळविण्यात येते की, आम्ही दोघी शनिवारी आपल्याकडे जेवायला येत आहोत. आपले घर उजव्या वळणावर असल्याची नोंद घेतली आहे. उतरणार नाही.'