बांधाबाहेरचे कांदळ

कल्याणपर्यंत आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही हकीकत. दिवा गावाजवळच्या एका आगरी पाड्यात तुळसा नावाची तरुण विधवा सासूबरोबर राहत होती. त्यांचं भाताचं शेत खाडीला लागून होतं आणि मध्ये होता फक्त मातीचा बांध. बांधाबाहेरची कांदळाची, म्हणजे खारफुटीची झाडं वीटभट्ट्यांच्या सरपणासाठी तोडली गेली आणि पुढच्याच पावसाळ्यात उधाणानं बांध फोडला. भगदाड बुजवायला उतरलेला तिचा नवरा भिवा वाहून गेला. तेव्हापासून भरतीचा नुसता आवाज कानी आला तरी तुळसा हातातलं काम टाकून घरात शिरे.

सासू आवडाबाईनं मात्र तिथं पुन्हा कांदळ उभे करायचं मनावर घेतलं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि मग चिखलात पडतं. भादव्यात दोघींनी अशा शेंगा गोळा करून ओहोटीला रोवल्या. अवसेला तुळसा कलंडलेल्या शेंगा सरळ करायला उतरली, तर तिचा पाय मांडीपर्यंत रुतला. भरती लागलीच होती. धडपडावं तितकी ती खोल जाई. पाणी कमरेला आलं. भिवा असाच गेला असेल, एवढंच डोक्यात.

बांधावरून आवडाबाई चिखलावर फळी सरकवत आली. "पाय ओढू नको. पोटावर आडवी हो."

फळीवर छाती टाकून तुळसा कशीबशी सुटली. बांधावर येऊन पाहते तो सगळी लावणी खाऱ्या पाण्याखाली. सगळी मेली, असं ती पुटपुटली.

"पानी येऊन गेलं तर नाय मरत," सासू म्हणाली. "बसून राहिलं तर मरतात."

झालंही तसंच. शेंगांना पानं फुटली, पण दिवाळीनंतर एका खोलगट जागेतली रोपं पिवळी पडू लागली. तिथं उधाणाचं पाणी साचे आणि उन्हानं आटून आणखी खारट होई. चर खणून ते खाडीत सोडायला हवं होतं. आवडाबाईचे गुडघे धरले होते. तुळसा रोज काहीतरी कारण काढून टाळत राहिली. शेवटी एका सकाळी तिनं कमरेला दोर बांधला.

"सोडू नको, आये."

"हाताला गुंडाळलाय."

ती खणत होती आणि दर दोन घावांनी दोर ओढून पाहत होती. चिखलात उड्या मारणारी एक निवटी मासळी टुणकन पायावर उडाली, तशी ती किती तरी वेळ जागची हललीच नाही. मग पुन्हा कुदळ मारली. साचलेलं पाणी हळूहळू चरातून वाहू लागलं.

पुष्कळ रोपं मेली. उरलेली वाढली, खोडांना चहूकडून मुळं फुटून चिखलात रोवली गेली, आणि तिथला बांध तुळसाच्या हयातीत पुन्हा फुटला नाही. तरी कल्याणच्या बाजारी जायचं झालं की पाड्यातल्या बायका होडीत बसत आणि तुळसा लांबच्या पायवाटेनं चालत जाई.