खोकलेसाहेबांचा ठसका

आमच्या सुपरवायझरांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. शिवणकाम करणाऱ्या आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या अडतीस जणी त्यांना खोकलेसाहेब म्हणायचो, अर्थात माघारी. तोंडावर नुसतं साहेब.

त्यांचं काम काय, तर दबक्या पावलांनी वर यायचं आणि कोण गप्पा मारतंय, कोण पेंगतंय, कोणाची मशीन बंद आहे, हे वहीत टिपायचं. आता दबक्या पावलांनी येणारा माणूस खोकत येईल का? हे यायचे. जिन्याच्या वळणावर एक, पाण्याच्या टाकीपाशी दुसरा, दारात तिसरा. पहिल्याला मोबाईल गडप व्हायचे, दुसऱ्याला पेंगणारी जागी व्हायची, आणि तिसऱ्यापर्यंत अडतीस मशिनी अशा धडधडायच्या की मालकांना ऐकून भरून यावं. अकरा वर्षांत वहीत फक्त दोनदा नाव चढलं. दोन्ही वेळा माझं, कारण मी माझ्याच बडबडीत होते.

त्यानंतर मात्र मी कान तयार केला. माझी कॉलरची मशीन जिन्याच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे या विषयात माझा शब्द शेवटचा. खोकला येतो, त्यात माणसाचा काही दोष नसतो. ठसका लागतो, त्याला पाणी द्यावं लागतं. आणि खाकरणं हे माणूस स्वतःहून, मुद्दाम, दुसऱ्याला कळावं म्हणून करतो. साहेबांचं ते सरळसरळ खाकरणं होतं. पण ‘खाकरेसाहेब’ काही जिभेवर बसेना, म्हणून खोकलेसाहेब. नव्या मुली बिचाऱ्या त्यांना घरून आलं-मध आणून द्यायच्या. तेही गंभीर चेहऱ्याने घ्यायचे आणि ‘हं, चालू द्या’ म्हणून निघून जायचे. याच्यापलीकडे त्यांचं एक वाक्य कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

चार महिन्यांपूर्वी आमच्या, बटणांची काजं करणाऱ्या काजवालीची पंचाईत झाली. तिचं मूल सांभाळणारी शेजारीण घर बदलून गेली. घरात कमावती ती एकटीच. तेव्हा आठ महिन्यांची मुलगी तिच्याबरोबर कामावर यायला लागली. दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे की कामाच्या जागी मूल आणल्यास तात्काळ कामावरून कमी करण्यात येईल. आम्ही तिला कातरणांच्या टोपलीत ठेवायचो. ती टोपलीतून निसटून गडगडत कुणाच्या तरी मशीनखाली जायची, म्हणून मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून आम्ही तिचं नाव ठेवलं बॉबिन. दुसऱ्या खोकल्याला टोपली कापडाच्या ताग्यांमागे जायची. साहेबांना पत्ताही नाही म्हणून आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

मग मालकांचे जावई मॅनेजर झाले. एका मंगळवारी दुपारी जावईबापूंनी साहेबांना जिन्याखाली गाठलं. पुढचं आम्हाला तळमजल्यावरच्या पॅकिंगवालीने नंतर सांगितलं.

“आज मीही वर येतो. आणि तुम्ही खोकायचं नाही.”

“खोकला काय सांगून येतो का, साहेब?”

“म्हणूनच गोळी आणलीय. चघळा.”

जावईबापूंनी कागद सोडून चांगली सुपारीएवढी गोळी त्यांच्या हातावर ठेवली. साहेबांनी ती निमूटपणे तोंडात टाकली. दोघं चढायला लागले. वळण आलं, अकरा वर्षांची सवय, साहेबांनी श्वास ओढला आणि गोळी सुळकन आत.

वर आम्ही ऐकलं ते काही भलतंच होतं. गुदमरलेलं, तुटक, मध्येच थांबलेलं. माझ्या हातातली कॉलर खाली पडली.

“अगं, साहेबांना ठसका लागलाय! खरा!”

अडतीस मशिनी एकदम थांबल्या. आम्ही सगळ्या जिन्यावरून खाली धावलो. कुणी पाठ थोपटतेय, कुणी ‘वर बघा साहेब, वर बघा’ म्हणतेय. काजवाली एका हातात पाण्याची बाटली आणि कडेवर बॉबिन घेऊन पळत आली, मुलगी कडेवर आहे याचंही तिला भान नव्हतं. शेवटी ओव्हरलॉकवालीने असा दणका घातला की गोळी सुटली आणि जावईबापूंच्या चकचकीत बुटावर जाऊन बसली.

साहेब पायरीवर टेकले. जावईबापूंनी बुटाकडे पाहिलं, बंद मशिनींची शांतता ऐकली, आणि मग त्यांची नजर बॉबिनवर गेली. त्यांनी खाली पडलेली वही उचलली.

“हे मूल कोणाचं?”

काजवालीचा चेहरा पांढराफटक पडला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

साहेबांनी डोळे पुसले आणि हात पुढे केले.

“बॉबिनला इकडे द्या.”

आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. हे नाव आमच्या मजल्याबाहेर कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

“माझी नात आहे,” ते जावईबापूंना म्हणाले. “घरी कुणी नव्हतं. मीच आणली. माझं नाव लिहा.”

साहेबांचं लग्नच झालेलं नाही, हे पॅकिंगवालीपासून मालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. जावईबापू नवे होते. त्यांनी लिहिलं.

जुना माणूस म्हणून मालकांनी साहेबांना कामावरून काढलं नाही, पण त्यांची सुपरवायझरकी गेली. आता ते तळमजल्यावर स्टोअरमध्ये बटणांचे डबे लावतात. काजवाली दुसऱ्या दिवशी रडत त्यांच्याकडे गेली, “साहेब, माझ्यामुळे...” म्हणाली. साहेब म्हणाले, “हं, चालू द्या.”

हल्ली जावईबापू स्वतःच वर येतात, रबरी तळव्यांचे बूट घालून. मुंगीलाही चाहूल लागणार नाही. पण स्टोअरचं दार जिन्याला लागूनच आहे. काल दुपारी खालून एक खोकला आला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. वळणाचा, टाकीचा आणि दाराचा, तिन्ही खालूनच, जावईबापूंच्या पायऱ्या मोजून. मी कान देऊन ऐकलं. खाकरणंच होतं, ठणठणीत. दुसऱ्यालाच काजवालीने बॉबिनची टोपली ताग्यांमागे सरकवली होती, आणि मी पुढची कॉलर सुईखाली ओढली.